अंगदचं वजन

१

गेवराईच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, विठ्ठलरावांचं भुसार दुकान कुठलं, हे कुणाला विचारावं लागत नाही. कुरकुरत वर जाणारं, अर्ध्यावर अडकणारं आणि मग सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं धाडकन आदळणारं शटर ज्याचं, ते दुकान. विठ्ठलराव जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ते शटर त्यांचा धाकटा मुलगा सिदू खांदा लावून वर लोटतो. आठवीत पुस्तकं फेकून दिली तेव्हाही त्याला याच कामाची हौस होती.

सकाळचा क्रम ठरलेला. आधी दिव्याचं बटन, मग काट्याचं. काटा म्हणजे जमिनीलगतचा लोखंडी पाटा, दोन पोती शेजारी शेजारी मावतील एवढा. त्याच्या डोक्याशी खांब आणि खांबावर लाल आकड्यांची पेटी. चालू केला की आकडे भराभर पळतात, टीं असा आवाज होतो आणि शून्य उमटतं. तेवढ्या वेळात दारात पाणी मारायचं आणि वडिलांच्या फोटोला उदबत्ती ओवाळायची.

त्या सकाळी फोटो दोन होते. थोरल्या भावाला, अंगदला, जाऊन चौदा दिवस झाले होते. तेराव्यानंतर दुकान पहिल्यांदाच उघडत होतं.

वडिलांपुढून उदबत्ती अंगदपुढे आली तेव्हा मागे काटा टीं वाजला. सिदूने सवयीने वळून पाहिलं. शून्य आलं होतं. तो बघत असतानाच आकडा धावला. वीस, चाळीस, पंचावन्न. मग थोडा मागे, थोडा पुढे, माणूस काट्यावर चढून पाय जुळवतो तेव्हा डळमळतो तसा. मग थांबला.

५३.६०.

पाटा रिकामा होता. त्यावर धूळ होती फक्त, पंधरा दिवसांची.

तेवढ्यात रस्त्यावरून वाळूचा हायवा ट्रक गेला आणि दुकानातले पत्र्याचे डबे खुळखुळले. सिदू मनाशी म्हणाला, हायव्याचा हादरा असंल. पण हायवा आकड्याच्या नंतर आला होता, आधी नव्हे. त्याने शून्याचं बटन दाबलं. आकडा गेला. दिवसभरात मुगाची अकरा पोती आणि उडदाची सहा झाली, काट्यानं एकदाही चूक केली नाही.

तरी दुपारी सिदू जेवायला आत गेला नाही. त्रेपन्न किलो सहाशे हा आकडा जगात एकाच माणसाला ठाऊक होता. ज्याचं ते वजन, त्या अंगदलासुद्धा तो ठाऊक नव्हता.

२

अंगद सिदूपेक्षा सात वर्षांनी मोठा, पण उंचीला सिदूच्या कानाएवढा. हाडानंच बारका. गावात खाजामियाँच्या दोन घोड्या होत्या, वरातीच्या, पांढऱ्या. लग्नसराई संपली की त्या चरायला आणि गोदावरीत धुवायला न्यायच्या. नऊ वर्षांचा अंगद शाळा बुडवून त्यांच्या उघड्या पाठीवर बसायचा. खाजामियाँ विठ्ठलरावांना म्हणाले होते, "भाऊ, हा पोरगा घोडीवर बसत न्हाई. घोडी ह्याला अंगावर घालून घेती. असं मी दुसरं बघितलं न्हाई."

चौदाव्या वर्षी खाजामियाँनीच त्याला पुण्याला नेलं. त्यांचा मावसभाऊ रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात घोडे सांभाळणारा मोतद्दार होता. अंगदनं चार वर्षं लीद काढली, घोडे फिरवले, त्यांच्या पायाला माती लावली. अठराव्या वर्षी पहिल्यांदा शर्यतीत बसला आणि शेवटून दुसरा आला. एकविसाव्या वर्षी मोसमात सगळ्यात जास्त शर्यती त्यानं मारल्या, पुढच्या वर्षी पुन्हा. पेपरात फोटो आला. मोंढ्याच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला, लाल-पिवळ्या रेशमी सदऱ्यातला अंगद, डोळ्यांवर चिखल. त्याची तऱ्हा एकच. शेवटच्या वळणापर्यंत पाठ सपाट करून, पुढच्याच्या शेपटीआड घोडा झाकून ठेवायचा. वळण सुटलं की मग सोडायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, हा आत्ता कुठून आला?

त्याला घोड्याची भीती नव्हती. भीती एकच, वजनाची. प्रत्येक घोड्यावर किती ओझं चढवायचं ते आधी ठरतं. जॉकीनं खोगिरासकट तेवढंच भरायचं, शर्यतीआधी आणि शर्यतीनंतरही. म्हणून अंगद पाव भाकरी खायचा, अंगातलं तेवढंच पाणी उतरावं म्हणून सुपारीचं खांड चघळून चघळून थुंकायचा, भर उन्हात प्लॅस्टिकचा सूट घालून पळायचा. तो सूट चालताना वाळल्या पाल्यासारखा करकरायचा. घरी आला की प्रत्येक जेवणाआधी दुकानात येऊन काट्यावर चढायचा आणि आकडा बघून आईला सांगायचा, आज दीड पोळी, आज एक.

त्या वेळी आई, सत्यशीलाबाई, परातीत हात तसाच ठेवून बसायची. "मोठ्या मोठ्या लोकांच्या घोड्यांना चंदी," ती म्हणायची, "आन् माझ्या लेकराला थुंकी."

यंदा पोळ्याला अंगद चार दिवसांसाठी आला. पुढच्या रविवारी मोसमातली मोठी शर्यत होती. खोगीर वगळून अंगदच्या वाट्याला एकावन्न किलो येत होतं. आला तेव्हा तो थोडासाच वर होता. आईनं पुरण शिजत घातलं होतं आणि पाटावर बसून ती सिदूला म्हणाली, "चार दिस तरी पोटभर जेवू दे रे त्याला. कायतरी कर की तू."

सिदूनं केलं.

त्याच्या खिशात एक रिमोट असायचा, मोटारसायकलच्या किल्लीला अडकवलेला, काडेपेटीपेक्षा लहान. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की खिशातल्या खिशात बोटानं दाबायचा, शंभरामागं चार किलो पेटी गिळून टाकायची. मोंढ्यात याला काटा मारणं म्हणतात. विठ्ठलरावांनी जन्मात केलं नव्हतं. अंगदला तर कल्पनाही नव्हती. सिदूनं मागच्या दिवाळीला ते यंत्र घेतलं आणि तेव्हापासून आपण लई हुशार असं त्याला वाटत होतं.

पोळ्याच्या दिवशी अंगद काट्यावर चढला आणि सिदूनं खिशात बोट दाबलं.

"च्यायला," अंगद म्हणाला, "मी तर उतरलोय!"

"हवा बदलली की उतरतंच. जा, जेव."

चार दिवस अंगद जेवला. आमटीत बुडवून पोळी, वर तूप. आई चुलीपुढे बसून नुसती बघत राहायची. शेवटच्या सकाळी अंगद पाट्यावर उभा राहून म्हणाला, "सिद्या, मला जड वाटतंय बे."

"काटा काय तुझी सासू हाय व्हय, खोटं बोलायला?"

अंगद हसला. बोट दाबायला सिदूला क्षणभर उशीर झाला, तेवढ्यात पेटीवर ५३.६० दिसलं. अंगद तेव्हा खाली वाकून चपला सरळ करत होता. त्यानं मान वर केली तोवर एकावन्न चारशे पन्नास झालं होतं.

स्टँडवर सांगू, असं सिदूनं ठरवलं होतं. दोघं हसू, तो एक शिवी घालंल. पण बस लागलेलीच होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी टीं वाजलं, शून्य आलं, आकडा धावला, डळमळला. ५३.१५.

सिदूनं आधी रिमोटचा विचार केला. पण तो त्यानं पुण्याहून प्रेत आणलं त्याच संध्याकाळी दोन किलोच्या मापाखाली चेचून शहागडच्या पुलावरून गोदावरीत फेकला होता. मग उंदीर. मग दमट हवा. तिसऱ्या दिवशी बावन्न आठशे आलं तेव्हा त्यानं खाजामियाँच्या मुलाला, गुफरानला, बोलावलं. तालुक्यातले निम्मे काटे गुफरान दुरुस्त करायचा.

गुफराननं पाटा उचलला, खालचे चारी पाय पुसले, तारा ओढून पाहिल्या. आपली वीस किलोची मापं ठेवली. वीस. चाळीस. साठ. ग्रॅमचाही फरक नाही.

"चालू करतानाच आकडा येतो म्हणतोस?"

"शून्य झाल्यावर येतो."

"मग तर काटा पक्का हाय." गुफरान पेटीचे स्क्रू आवळत म्हणाला. "बिघडलेला काटा शून्यच धरत न्हाई बे. शून्य धरून मग दाखवतोय म्हंजे मागून काईतरी चढतंय. मांजर-बिंजर बघ."

"बावन्न किलोचं मांजर?"

"तुझ्याकडचं खाऊन झालं असंल." गुफरान स्वतःच हसला आणि फोटोकडं लक्ष जाताच मापं गोळा करू लागला. त्यानं पैसेही घेतले नाहीत.

तो गेल्यावर सिदू पाटा पुसायला बसला. काळ्या लोखंडावर मधोमध दोन पांढुरके डाग होते. ओले नव्हते. काहीतरी ओलं वाळून गेल्यावर राहतात तसे, कडेला दाट, मध्ये विरळ. टाचा जवळ, चवडे थोडे बाहेर. सिदूचा पाय त्यावर ठेवला तर तो दोन बोटं पुढे आला असता. त्यानं ठेवला नाही. पण दुसरंच केलं, विचार न करता. बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

मागच्या खोलीत रिकामी बारदानं रचून ठेवलेली असत. तिकडून वाळल्या पाल्यासारखं करकरलं. पुन्हा एकदा. मग कोरड्या तोंडानं माणूस थुंकतो तसा आवाज झाला, ज्यात थुंकी नसते, नुसती हवा. सिदू बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिला. ऊन लख्ख होतं. समोरचा चहावाला म्हणाला, "काय रे, घामाघूम झालास?"

"गरमी लई हाय," सिदू म्हणाला.

४

हे सगळं सहन झालं असतं. घरातलं सहन होत नव्हतं.

घर दुकानाच्या मागेच, मध्ये फक्त एक दार. सत्यशीलाबाई सकाळी उठायच्या, चूल पेटवायच्या, सिदूपुरतं करायच्या आणि अंगदच्या नावानं एक ताट वाढून देव्हाऱ्याखाली ठेवायच्या. स्वतः काळा चहा. कधी त्यात अर्धी भाकरी बुडवलेली, तीही तशीच भिजून पडलेली असायची. शेजारच्या ताराबाई रोज येऊन समजावायच्या.

"अशानं मराल बाई तुमी."

"मरंना की. मीच मारलं त्याला, मला कोण विचारतंय?"

कारण शर्यतीआधी, शुक्रवारी, अंगदनं आईला फोन केला होता. हसतच म्हणाला होता, "आई, तुझ्या पोळ्या अंगी लागल्या गं. दोन-अडीच किलो जास्त भरलो हिथं." पुढचे दोन दिवस त्यानं काय केलं ते नंतर त्याच्याबरोबरच्या पोरांनी सांगितलं. पाण्याचा थेंब घेतला नाही. गरम पाण्याच्या टबात बसला. प्लॅस्टिक घालून, वर दोन स्वेटर घालून पळाला. रविवारी बरोबर एकावन्न भरला. शेवटच्या वळणावर, जिथून तो सोडायचा तिथं, घोड्याच्या मानेवर कलंडला आणि मागून येणाऱ्या पाच घोड्यांच्या पायांत गेला. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच उरलं नव्हतं.

"मी हातानं वाढलं," आई ताराबाईला सांगायची. "नको नको म्हणत न्हवता, त्याचंच नवल वाटलं होतं मला. मला कळाया पायजे होतं."

सिदू हे भिंतीआडून ऐकायचा.

आणि त्याला आठवायचा तो शनिवार. दुकानात सात-आठ शेतकरी बसलेले, मुगाची पोती लागलेली, एक पोतं काट्यावर. फोन वाजला. अंगदचा आवाज बसलेला, जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी.

"सिद्या, आपला काटा बरोबर हाय ना बे?"

एवढंच विचारलं त्यानं. न्हाई म्हटलं असतं तर? तर अंगदला कळलं असतं की हे वजन चार दिवसांत खाऊन चढलेलं आहे, वरवरचं पाणी नव्हे, ते दोन दिवसांत उतरवायचं नसतं. तो त्या घोड्यावर बसलाच नसता. एक शर्यत गेली असती. पण समोर सात-आठ माणसं बसली होती आणि सगळ्यांचे कान फोनकडं. सिदू मुद्दाम मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आपला काटा एकदम बरोबर हाय!"

शेतकरी माना डोलावून हसले. "मग माझंच काईतरी चुकलं," अंगद पलीकडून म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

एकदा सिदूनं सांगायचं ठरवलं. दुपारी आईपुढे जाऊन बसला. "आई, दादाच्या वजनाचं..."

आईनं त्याचं मनगट धरलं. तिची बोटं लाकडासारखी लागली. "तू तरी हायेस मला," ती म्हणाली. सिदूनं तोंड मिटलं. ताटातली पोळी संपवून हात धुऊन दुकानात आला.

५

एकावन्न नऊशे. एकावन्न सहाशे. एकावन्न चारशे पन्नास आलं त्या दिवशी सिदूनं पेटीवर बारदान टाकलं. बारदानाच्या विणीतून लाल आकडा दिसतच राहिला.

आता त्याला कळलं होतं की हे कुठं चाललंय. एकावन्नवर आल्यावर काय? जॉकी वजन कशासाठी उतरवतो? सिदू स्वतःशीच वाद घालायचा. गेलेल्या माणसाला कसली शर्यत आणि कुठला घोडा. असल्या गोष्टी बाया सांगतात. मग मागच्या खोलीत करकरायचं आणि वाद तिथंच थांबायचा.

नवव्या सकाळी ५१.०० आलं. आकडा डळमळला नाही. कितीतरी वेळ तसाच उभा राहिला आणि मग, सिदूनं कुठलंही बटन न दाबता, शून्य झाला. पाटा खालून हलका सुटल्यासारखा टक् वाजला. मधल्या दाराची कडी हलली. वारा असंल.

दहाव्या सकाळी शून्य आलं आणि शून्यच राहिलं. अकराव्या सकाळीही. करकर बंद. सिदूनं पाटा सोड्यानं घासून धुतला. त्या दिवशी तो चहावाल्याशी हसून बोलला. झालं गेलं, असं त्याला वाटलं. वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

त्याच दिवशी दुपारी खाजामियाँ आले. अंगद गेल्यापासून म्हातारा रोज एकदा दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. सत्यशीलाबाई मधल्या दारातून त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. चार पावलं. तांब्या ठेवून त्या परत गेल्या. खाजामियाँ त्या दाराकडे बघतच राहिले. पाणी प्यायले नाहीत.

"भाभीला कधीपासून हाय असं?"

"कसं?"

"बघितलं न्हाईस? चाल बघ तिची."

"खात न्हाई चाचा ती. अशक्त झालीय."

"अशक्त जनावर पाय ओढतं, बेटा. पाय टाकत न्हाई असं." खाजामियाँनी हाताचा पंजा हवेत धरून दाखवला, कसा पडतो ते. "कंबर खाली, मान पुढं, पाऊल मोजून. चाळीस वर्षं घोड्या फिरवल्या मी. नवरदेव बसला की घोडी अशी चालती." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी दोन्ही हात कानांना लावले, पायरीवरून उठले आणि घाईनं निघून गेले.

सिदू आत गेला. आई देव्हाऱ्यापाशी बसायला वाकत होती. बसताना तिनं आधी दोन्ही हात जमिनीला टेकवले.

"आई, पाठ दुखतीय का?"

"दुखत न्हाई," ती म्हणाली. "भरल्यावानी वाटतंय. परवापासनं. कुणी खांद्यावर हात ठिवून उभं ऱ्हावं, तसं." आणि थोड्या वेळानं, कुणाची तक्रार नसल्यासारखं, "ऱ्हाऊ दे. माझंच हाय ते."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीत पडली. डॉक्टर घरी आले, सलाईन लावलं, पाठीला हात लावून पाहिला, हाडात काही नाही म्हणाले. जाताना सिदूला म्हणाले, "औषध वजनावर द्यावं लागंल. दुकानात काटा हाय ना तुमच्या? दुपारी बाटली संपली की उभं करा आणि फोनवर आकडा सांगा."

तीन वाजता बाटली संपली. सिदूनं आईला धरून दुकानात आणलं. मोंढ्यात दुपारची सामसूम होती. दारातून ऊन पाट्याच्या काठापर्यंत आलं होतं. धरलेला दंड काडीएवढा, पण तिला पायरीवरून उतरवताना सिदूला सगळी ताकद लागली.

"आई, तू मोकळी उभी ऱ्हा. मी हात सोडतो."

त्यानं हात सोडला. आकडा धावला.

९५.००.

सिदूनं शून्याचं बटन दाबायला हात उचलला आणि तसाच ठेवला. पोळ्याच्या आधी आई बावन्न किलो होती, ते तिनंच हसत काट्यावर चढून पाहिलं होतं. आता तिच्या गळ्याची हाडं मोजता येत होती. पंचाण्णव. वजाबाकीत सिदू कधी चुकायचा नाही, शाळेतसुद्धा फक्त तेवढीच यायची. पंचाण्णवातून एकावन्न गेले, चव्वेचाळीस.

तो आईच्या चेहऱ्याकडे बघू लागला. तिच्या मागे बघायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं. ती वाकून उभी होती, गुडघे किंचित दुमडलेले. पदर दोन्ही खांद्यांवर चुरगळून आत दाबला गेला होता, दोन सारख्या जागी. आणि तिच्या दंडांवर, कोपराच्या वर, चोळीच्या बाह्यांना घामाच्या दोन ओल्या पट्ट्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाचा घाम लागावा तशा.

"किती भरले?" आईनं विचारलं. तिनं मान वर केली नाही. करता येत नसावी.

"आई," सिदू म्हणाला. आणि मग थांबलाच नाही. "आई, दादा तुझ्या पोळ्यांनी गेला न्हाई. मी काटा मारला. तो चढायचा तवा मी खिशातून काटा मारायचो, दोन-दोन किलो. तू म्हणलीस जेवू दे, म्हणून... न्हाई, तू म्हणलीस म्हणून न्हाई. मला मजा वाटली. शनवारी त्यानं फोन करून इचारलं, काटा बरोबर हाय का, आन् माणसं बसली होती तर मी हो म्हणलं. त्याला सांगितलं असतं तर तो बसलाच नसता घोड्यावर. मी मारलं त्याला. तू न्हाई. तुझ्याकडं काई न्हाई त्यातलं. मी."

"माझ्या पोळ्यांनी न्हाई?" आईनं विचारलं.

"न्हाई."

"तुझ्या गळ्याची आण?"

"माझ्या गळ्याची आण, आई."

लाल आकडा हलला. सिदूनं तो डोळ्यांनी पाहिला. पंचाण्णव, त्र्याहत्तर, साठ, भराभर नाही, पाय काढून घेतल्यासारखा, एक आणि मग दुसरा. ४४.०० वर येऊन थांबला.

आईनं मान वर केली. मग पाठ. पंचवीस दिवसांत तिनं असा श्वास घेतला नव्हता, पोटापासून. ती पाट्यावरून स्वतःच उतरली, कुणाचा हात न धरता मधल्या दाराशी असलेल्या माठापर्यंत गेली आणि तांब्या बुडवून, उभ्यानंच, सगळा प्यायली. सिदू तिच्या घशाची हालचाल बघत होता. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. आता ती मारंल, असं त्याला वाटलं. मारलं तर लई बरं होईल.

ती वळली. तिचे डोळे सिदूच्या तोंडावर आले, थांबले आणि वर गेले. त्याच्या डोक्याच्या हातभर वर. तिचा चेहरा मऊ झाला. किती दिवसांनी घरी आलेल्या माणसाला बघावं, तसा.

"उतर रे," ती म्हणाली. "धाकटा हाय तो."

दोन्ही बाजूंनी त्याच्या बरगड्या आवळल्या जात होत्या. जोरानं नाही. ज्याला हे काम येतं त्यानं आवळाव्यात तशा, हळूहळू, सारख्या.

"अंगद, बाळा, उतर."

डावीकडची पकड थोडी ढिली झाली, उजवीकडची घट्ट. सिदूचा पाय आपोआप उजवीकडे पडला, मोजून. दार त्याच बाजूला होतं. दारापलीकडे तीन वाजताचं ऊन होतं आणि रस्ता, दूरवर सरळ.